दोन नावांचं घर

सुतारटोली, गोंदिया
२० जून १९९९

हेमराजभाऊ,

नगर परिषदेची नोटीस आली आहे. घर आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे नोटिशीवरही दोघांची नावं आहेत. एका हिस्सेदारानं दुसऱ्याला कळवायला हवं म्हणून कळवते. दुसरं कारण नाही.

गोंदिया जिल्हा झाला हे तुम्ही चंद्रपूरच्या पेपरात वाचलंच असेल. १ मेला चौकात फटाके फुटले, बुंदी वाटली. आता जिल्हा म्हटलं की कलेक्टर आला, त्याची माणसं आली, गाड्या आल्या, आणि गाड्यांना रस्ता पाहिजे. आपली गल्ली रुंद करून पुढच्या मोठ्या रस्त्याला जोडायची असं ठरलं आहे. मागच्या आठवड्यात दोन माणसं टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली. मी समोरच्या खोलीत मशीनवर बसले होते. त्यांनी बाहेरून माप घेतलं, मग आत आले आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवर रेघ ओढली. "बहनजी, यहाँ तक रोड में जाएगा," त्यातला एक म्हणाला. कधी, विचारलं तर म्हणे, "वो ऊपरवाले जानें।"

म्हणजे समोरची खोली पूर्ण जाते. आईनं तिथे खाट टाकली होती ती खोली. आई गेल्यावर मी तिथे शिलाई मशीन ठेवली आहे. फॉल-पिको, ब्लाऊज, पोरींचे फ्रॉक. टोलीतल्या बाया येतात. माझं भागतं. हे मदतीसाठी लिहिलेलं नाही, खोली गेली तर काय जाणार ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मी हरकत नोंदवली आहे. शेजारचे भैय्यालाल म्हणतात, हरकती कपाटात जातात आणि रस्ते होतातच.

आईच्या तेरवीला तुम्ही चार लोकांत बोललात, "हे बाई या घरात राहील तोवर मी इथं पाणी नाही पिणार." मी काही बोलले नाही, कारण पंगत बसली होती. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि तिच्यासोबत एकाच घरात राहा म्हणाला, म्हणून मी तिरोड्याहून निघून आले. तुमचं म्हणणं होतं की मी निभवून घ्यायला पाहिजे होतं. आईचं म्हणणं तसं नव्हतं. या विषयावर पुन्हा लिहिणार नाही. नोटिशीची नक्कल सोबत आहे.

ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
६ ऑक्टोबर २००२

हेमराजभाऊ,

मागच्या डिसेंबरात नगर परिषदेची निवडणूक झाली. तुमचं नाव इथल्या यादीतून अजून कापलेलं नाही, पण तुम्ही येणार नव्हतात हे माहीत होतं.

आपला वार्ड या वेळी महिलांसाठी राखीव निघाला. भैय्यालाल चार वर्षांपासून तयारीत होते. गणपतीला, दसऱ्याला, कोणाच्या लग्नालाही त्यांचे हात जोडलेले बॅनर लागायचे. सोडतीत चिठ्ठी निघाली त्या दिवशी ते घरी आले आणि बायकोला, सुशिलाबाईंना, म्हणाले, "फॉर्म भरायचा आहे, फोटो काढून घे." त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मला सांगताना म्हणाल्या, "मले इचारलं नाही बाई. चुलीले कोणी इचारते का, तुह्यावर काय शिजवू म्हणून?"

त्या निवडून आल्या. मिरवणुकीत हार भैय्यालालच्या गळ्यात होता. लोक त्यांनाच नगरसेवक म्हणतात, तेही ओ देतात.

सभेला घालायला ब्लाऊज शिवायचा म्हणून सुशिलाबाई माझ्याकडे आल्या. माप देताना त्यांनी पदराखालून कागद काढले. सभेचे कागद होते. घरी भैय्यालाल ते वाचतात आणि बोट ठेवतात तिथे यांनी सही करायची. "तू शिकलेली आहेस, काय लिहून आहे ते सांग ना," म्हणाल्या. तेव्हापासून सभा जवळ आली की त्यांना काही ना काही उसवायचं असतं. मी मशीन चालवत वाचते, त्या स्टुलावर बसून ऐकतात. पहिल्यांदा नुसत्या ऐकायच्या. आता मधेच थांबवतात. "दिव्याचे खांब त्या टोलीले आठ, आपल्याले दोन. हे काऊन?"

कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आला आहे. पाणी सकाळी येतं. बोअरिंगवरची भांडणं आता नळावर होतात.

पावसाळ्यात मी आजारी होते. मशीन बंद होती. सुशिलाबाईंकडून डबा यायचा. आता बरी आहे.

तिरोड्याचे ते एकदा येऊन गेले. दारातूनच परत गेले. हेही कळवायची गरज नव्हती.

रस्त्याचं अजून काही नाही. भिंतीवरची रेघ तशीच आहे.

ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
२८ मार्च २००४

हेमराजभाऊ,

रस्ता झाला. दिवाळीनंतर एका सोमवारी जेसीबी आलं. दोन दिवस आधी दवंडीवाला ऑटो फिरून गेला होता, त्यामुळे मशीन, कपाट, ग्राहकांचे कपडे मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवले होते. खोली पडायला फार वेळ लागला नाही. छपराचे कवेलू मी आधीच उतरवून घेतले होते, ते मागे रचून ठेवले आहेत. समोर मग आकाश दिसायचं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना आमची चूल दिसायची.

जागा रस्त्याला दिली तेव्हा कागदावर माझी एकटीची सही घेतली. "आप रहते हैं ना, बस," इंजिनियर म्हणाला. मग मी उरलेल्या जागेत समोरून भिंत आणि शटर बांधायची परवानगी मागायला गेले. तिथला बाबू म्हणाला, घर दोघांच्या नावावर आहे, दोघांच्या सह्या लागतील. तो अर्ज मी तुम्हाला दोनदा रजिस्टरनं पाठवला. पोचपावत्या आल्या. त्यांच्यावरची सही तुमची नाही, पण कोणीतरी घेतलं हे खरं. अर्ज परत आला नाही.

मी पडदा लावून स्वयंपाकघरात शिवत होते. बायांना चुलीजवळ माप द्यायला लाज वाटायची. कामं कमी झाली. सुशिलाबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना डोळे आहेत.

फेब्रुवारीत एका बुधवारी त्या मला सभेला घेऊन गेल्या. मागच्या बाकावर बसायला मिळतं. विषय पुकारले जात होते. आपल्या रस्त्याचा विषय आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. वरून कोणीतरी विचारलं, "भैय्यालालजी कहाँ हैं? उन्हीं से बात हो गई थी।" तर त्या म्हणाल्या, "निवडून मी आली. ते बाहेर स्कूटरवर बसून हायेत."

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "सायेब, रस्त्याले जागा घेतली तवा एकाची सही चालली. आता त्याच बाईले भिंत बांधायची आहे तर दोघांची कायले पाहिजे? पाडताना एक आणि बांधताना दोन, हा कुठचा कायदा?"

बराच वेळ कागद उलटसुलट झाले. टोलीत अशी सात-आठ घरं निघाली, कोणाचा भाऊ सुरतला, कोणाचा दीर नागपूरला. शेवटी ठराव झाला की रस्त्यासाठी जागा दिलेल्यांच्या बाबतीत, जो राहतो त्याचं प्रतिज्ञापत्र चालेल. भैय्यालाल त्या दिवशी सुशिलाबाईंना न घेताच स्कूटरवर घरी गेले. आम्ही दोघी पायी आलो. वाटेत त्यांनी मला कुल्फी घेऊन दिली.

भिंत बांधून झाली आहे. शटर निळं आहे. तुमचा हिस्सा कायद्यानं जेवढा होता तेवढाच आहे, माझ्या भिंतीनं त्यात फरक पडत नाही. ठरावाची नक्कल सोबत.

ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
१७ नोव्हेंबर २००९

दुर्पतावहिनी,

तुमची प्राची पोचली. बरी आहे. जेवून झोपली आहे.

पाकिटावर नेहमीसारखं भाऊंचं नाव घातलं आहे. प्राचीनं सांगितलं की माझं पाकीट ते कधी उघडत नाहीत, बाजूला सारतात, आणि मग तुम्ही उघडता. दहा वर्षं मी भाऊंना लिहीत होते आणि वाचत तुम्ही होता. आता आठवून पाहते आहे की मी काय काय लिहिलं. रजिस्टरवरची सही तुमची होती तर. अर्ज तुम्ही त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी फाडला, हेही प्राचीनं सांगितलं.

काल दुपारी मी शटर अर्धं ओढून हातशिलाई करत होते. चंद्रपूरकडून येणारी बल्लारशाची पॅसेंजर येऊन गेली होती. एक मुलगी येऊन उभी राहिली, पाठीवर बॅग, हातात कापडी पिशवी. "ओमेश्वरीआत्या तुम्हीच का?" मी तिला शेवटची तेरवीला पाहिली होती, दहा वर्षांची, पंगतीत मीठ वाढत होती. ओळखली नाही. तुमच्यासारखं कपाळ आहे म्हणून मग ओळखली.

नर्सिंगचं एक वर्ष राहिलेलं असताना तिचं लग्न बालाघाटकडे ठरवलं, शेतीवाडीचं घर आहे, शिक्षण नंतर पाहू म्हणाले, हे सगळं तिनं सांगितलं. रडली नाही. नाही म्हटल्यावर भाऊ काय म्हणाले तेही तिनं तसंच्या तसं सांगितलं. "नाही म्हणणारी एक होती आपल्या घरात. तिचं काय झालं ते पाह."

मी विचारलं, "मग काय झालं म्हणतात माझं?"

"ते नाही सांगत," ती म्हणाली. "म्हणून तं पाहाले आली."

मी तिला घर दाखवलं. दाखवायला फार नाही. समोर दुकान, मधे चूल, मागे झोपायची खोली. तिनं शटर वर-खाली करून पाहिलं.

वहिनी, एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी तिला बोलावलं नव्हतं, पण आली आहे तर मी तिला जा म्हणणार नाही. ती वीस वर्षांची आहे. भाऊंना मुलगी इथे आहे हे तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा, पोलिसात जायच्या आधी. फोन त्यांच्या खिशात असतो हे माहीत आहे, म्हणून प्राचीनं स्टेशनवरूनच तुमच्या शेजारच्या बाईंना पोचल्याचं कळवलं. तुमच्यावर काय येईल याचा विचार करते आहे. पत्ता तुम्ही दिला असं प्राची बोलणार नाही, मीही नाही. पाकिटावर तो असतोच, पोरीनं पाहिला म्हणावं.

पिशवीतला ब्लाऊजपीस आणि मापाचा ब्लाऊज मिळाला. बाहीला काठ लावू का? पिसात काठ पुरेल.

तुमची,
ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
९ डिसेंबर २००९

दुर्पतावहिनी,

भाऊ येऊन गेले. घरी आल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून इथे झालं ते लिहिते.

त्यांना घर सापडलं नाही. गल्ली राहिली नाही, रस्ता झाला आहे, आणि जुनी माणसं कमी झाली आहेत. चहाच्या टपरीवर त्यांनी "मनीराम रहांगडाल्याचं घर" विचारलं. टपरीवाला पोरगा नवा आहे. तो म्हणाला, "कौन मनीराम? इधर तो कोई नहीं।" बाबांच्या नावानं इथे कोणी ओळखत नाही हे भाऊंना लागलं असावं, कारण आल्या आल्या त्यांनी तेच सांगितलं. सुशिलाबाई नळावर होत्या, त्यांनी आणून सोडलं. त्या आता नगरसेविका नाहीत. मागच्या वेळी जागा सर्वसाधारण झाली तर भैय्यालाल स्वतः उभे राहिले आणि पडले.

भाऊ आत आले नाहीत. दुकानाबाहेर बाकडं आहे, त्यावर बसले. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी पाण्याचा तांब्या आणून बाजूला ठेवला. त्यांनी पाहिलं, हात लावला नाही.

प्राची बाहेर आली. "चाल," ते म्हणाले.

"मी नाही येत, बाबा."

"लोक काय म्हणून राहिले माहीत आहे तुले? पोराकडचे फोन करून राहिले. काय सांगू मी?"

"एक वर्ष थांबा म्हणून सांगा. नाही थांबत तं नोको थांबू."

मग ते माझ्याकडे वळले. "तूच शिकवलं हिले. एक घर मोडून आली, आता माझं मोडून राहिली."

मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण तोंडातून निघालं. "भाऊ, माझं घर मोडलं तेव्हा तू कोणाकडून बोलला? त्या माणसाकडून बोलला. आता पुन्हा कोणत्या माणसाकडून बोलून राहिला, त्याचं तं नावही मले माहीत नाही."

रस्त्यावर चार लोक थांबले होते. सुशिलाबाई त्यांना म्हणाल्या, "काय पाह्यता? जा आपापल्या कामाले." लोक गेले.  भाऊंनी मान वळवून दुकानाच्या आत पाहिलं. आईची खाट कुठे असायची ते शोधत असावेत, पण ती जागा बाहेर होती, रस्त्यात. मी सांगितलं नाही.

प्राची त्यांच्या शेजारी बाकड्यावर जाऊन बसली.  संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ते उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. नाही ठेवला. ती कोपऱ्यापर्यंत मागे मागे गेली आणि परत आली. रात्री जेवली नाही. मीही नाही.

ब्लाऊज शिवून ठेवला आहे. त्यांच्याजवळ द्यायचा धीर झाला नाही.

तुमची,
ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
२ ऑगस्ट २०१०

हेमराजभाऊ,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांत तुझं हे पहिलं पत्र. अक्षर बाबांसारखं झालं आहे.

तू लिहितोस की प्राचीला परत पाठव, म्हणजे तू घरातल्या तुझ्या हिश्श्यावर हक्कसोड करून देतोस. कागद तयार आहे, सही तेवढी बाकी आहे.

खोटं लिहीत नाही. पत्र वाचून मी ते मशीनच्या खणात ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. हे घर पूर्ण माझं होईल, कोणाची सही मागत फिरावं लागणार नाही, म्हातारपणी कोणी ऊठ म्हणणार नाही, हा विचार मी केला. रात्री केला आणि सकाळी शटर उघडतानाही केला. शिवताना सुई बोटात गेली.

मग पत्र प्राचीला वाचायला दिलं. तिनं वाचून घडी घातली. म्हणाली, "आत्या, तुम्ही घर घेऊन घ्या. मी होस्टेलवर जाते म्हणून सांगते त्यांना." तिचं शेवटचं वर्ष इथल्या नर्सिंग शाळेत चालू आहे. बदली मिळवताना खूप चकरा झाल्या, सुशिलाबाई प्रत्येक चकरेला सोबत होत्या. हे तुला वहिनीनं सांगितलं असेल, नसेल तर आता कळलं.

मी तिला म्हटलं, तू कुठे जात नाहीस.

भाऊ, मी एवढ्या वर्षांत एक गोष्ट कधी हिशेबात धरलीच नव्हती. आईनं मला घरात घेतलं तेव्हा तुझं येणं बंद झालं. म्हणजे मला ठेवण्यासाठी तिनं मुलगा दिला. शेवटच्या आजारात ती दाराकडे तोंड करून झोपायची. मला वाटायचं हवेसाठी. तिनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही की तुझ्यामुळे तो येत नाही. तिनं जे केलं त्यावर मी जगते आहे, आणि आता माझ्या दारात आलेल्या पोरीच्या बदल्यात मी भिंती घेऊ?

नाही घेणार.

तुझा हिस्सा तुझा आहे, तो मी नाकारत नाही. पाहिजे तर वाटणी कर. रस्ता झाल्यामुळे समोरच्या भागाला भाव आला आहे, तो तू घे. मी मागचा घेते. मी भांडणार नाही, वकील लावणार नाही, म्हणशील तिथे सही करीन. फक्त प्राचीचं नाव त्या कागदात नको.

हे रागानं लिहिलेलं नाही. राग होता, तो त्या दिवशी बाकड्यापाशी संपला.

ओमेश्वरी


सुतारटोली, गोंदिया
२२ एप्रिल २०१२

हेमराजभाऊ,

नगर परिषदेनं घराचे दोन नंबर केले. मागचा भाग माझ्या नावावर आणि समोरचा ज्यांनी तुझ्याकडून घेतला त्यांच्या. सामायिक असं आता काही राहिलं नाही. यापुढे नोटीस आली तर ती माझी एकटीची असेल आणि तुला कळवायचं मला काही कारण नाही. तरी लिहिते आहे.

तू खरंच विकशील असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. रजिस्ट्रीच्या दिवशी तू माझ्याशी बोलला नाहीस. पण बाहेर पायऱ्यांवर माझी पिशवी पडली ती तू उचलून दिलीस. निळं शटर ज्यांनी घेतलं त्यांनी तिथे टाइल्सचं दुकान टाकलं आहे. माणूस बरा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनचा आवाज येतो म्हणून विचारतो, "दीदी, आज क्या सिल रही हो?" सुरुवातीला माझ्या जुन्या बाया समोरून जाऊन परत फिरायच्या. काम बसलं होतं. आता त्यांना बोळाची वाट माहीत झाली आहे, पण पहिल्यासारखं नाही. शाळेच्या गणवेशांचं काम धरलं आहे.

डिसेंबरात निवडणूक झाली. जागा सर्वसाधारण होती, कोणालाही उभं राहता येत होतं. सुशिलाबाई उभ्या राहिल्या. भैय्यालाल दोन दिवस घरात बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच भिंती रंगवायला निघाले. त्या निवडून आल्या. मिरवणुकीत भैय्यालाल हार घेऊन मागे चालत होते, कारण सुशिलाबाईंच्या गळ्यात ते मावेनात. पहिल्याच सभेत त्यांनी घरोघरी नळाचा विषय मांडला. टोलीत खोदकाम सुरू आहे, माझ्या बोळापर्यंत पाइप आला आहे.

प्राची पास झाली. इथल्या जवळच्या गोरेगावला दवाखान्यात लागली आहे, सध्या कंत्राटी. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. तिकडच्या म्हाताऱ्या बाया तिच्या हातूनच सुई घेऊ म्हणतात. मध्ये एका बाळंतपणात रात्रभर तिथेच राहिली. सकाळी आली तर चप्पल न काढताच मागच्या पायरीवर बसून मला सगळं सांगत होती, आणि मी ऐकता ऐकता तिला तुझ्यासारखी बोलताना पाहिलं. तूही गोष्ट सांगताना असाच एका हातानं गुडघा धरायचास.

लग्नाचं तिच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही. असेल तेव्हा सांगेल. तुला सांगेल, असं ती म्हणते.

दिवाळीनंतर वहिनी माहेरी आमगावला आली होती, तेव्हा इथेही दोन दिवस राहिली. तुला सांगून आली म्हणाली. तो ब्लाऊज तिला आता घट्ट होतो, मी उसवून दिला. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली होती, मायलेकी एकाच ताटात जेवल्या. रात्री तिघी एका खोलीत झोपलो. जागा पुरली.

निघताना वहिनी म्हणाली की तू तिला विचारलंस, मागच्या खोलीत हवा येते का.  मी तिला म्हटलं, सांगा येते म्हणून. पण ते तिच्या तोंडून कळण्यापेक्षा मी लिहावं असं वाटलं. येते, भाऊ. मागच्या भिंतीला मी खिडकी काढून घेतली आहे. खिडकीसमोर धानाच्या शेताची बांधी आहे, अजून कोणी प्लॉट पाडले नाहीत.

ये. समोरून वाट नाही, टाइल्सच्या दुकानाच्या उजव्या हाताला बोळ आहे. तिथे खोदून ठेवलं आहे, फळी टाकली आहे, तिच्यावरून जपून ये. प्राचीला रविवारी सुट्टी असते.

ओमेश्वरी